चिठ्ठीवर नसलेला आकडा

नेवासे तालुक्यातल्या सोनई आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या माणसाचा मोठा आजार सहसा तीन टप्प्यांनी पुढे जातो. पहिला टप्पा गावातल्या दवाखान्याचा. तिथे आटोपले नाही तर नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, साधारण चाळीस किलोमीटरवर. तिथेही भागले नाही तर लोणी, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे. टप्प्यागणिक डॉक्टरांचे शिक्षण वाढत जाते, यंत्रे वाढतात, तपासण्या नेमक्या होतात. एक गोष्ट मात्र उलट दिशेने जाते. या सगळ्याला पैसे किती लागणार, याचे डॉक्टरांना असलेले ज्ञान टप्प्यागणिक कमी होते. गावातल्या डॉक्टरांना समोरच्या मेडिकलमध्ये कोणती स्ट्रिप कितीला मिळते ते माहीत असते, आणि पेशंटच्या उसाचे पेमेंट जमा झाले की अजून अडकले आहे, हेही बहुधा ठाऊक असते. नगरच्या सर्जनला यातली पहिली गोष्ट थोडीफार माहीत असते, दुसरी नसते. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाला तर स्वतः लिहिलेल्या तपासण्या, इंजेक्शने आणि इम्प्लांट यांची बेरीज किती होईल, हे विचारले तर बहुतेक वेळा बिलिंग काउंटरकडे बोट दाखवावे लागते. उपचाराची किंमत ही हिशेबनिसाची बाब आहे, वैद्यकाची नाही, असे आपण सर्वांनीच धरून चाललो आहोत. ही समजूत चुकीची आहे. किंमत ठाऊक असणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि जिथे पेशंट स्वतःच्या खिशातून पैसे भरतो तिथे तर तो निदानाइतका महत्त्वाचा आहे.

डॉक्टरांना किमती कितपत ठाऊक असतात हा अंदाजाने बोलण्याचा विषय नाही, त्यावर मोजमाप झालेले आहे. कॅनडातल्या ॲलन, लेक्सचिन आणि वीब या संशोधकांनी २००७ साली वेगवेगळ्या देशांतले २४ अभ्यास एकत्र करून पाहिले. औषधाची किंमत सांगा म्हटल्यावर डॉक्टरांचे जेमतेम ३१ टक्के अंदाज खऱ्या किमतीच्या २० ते २५ टक्के मागेपुढे होते. बाकीचे त्याहून दूर. पण खरी शिकण्यासारखी गोष्ट चुकांच्या दिशेत आहे. स्वस्त औषधांची किंमत डॉक्टर खऱ्यापेक्षा जास्त सांगत होते आणि महागड्या औषधांची कमी. आणि हे जवळजवळ दहापैकी नऊ वेळा घडत होते. म्हणजे डॉक्टरांच्या मनात सगळ्या किमती मधल्या एका पट्ट्यात गोळा झालेल्या असतात. यातून होणारे नुकसान सरळ आहे. स्वस्त पर्याय फारसा स्वस्त वाटत नाही, महाग पर्याय फारसा महाग वाटत नाही, आणि दोन्हींतला दहापट फरक निर्णय घेताना डोळ्यांसमोर येतच नाही. पुढच्याच वर्षी याच गटातल्या दोघांनी तपासण्या आणि औषधांव्यतिरिक्तच्या उपचारांबद्दल अशीच पाहणी केली, तेव्हाही अचूक अंदाज एक तृतीयांशाच्या आसपासच निघाले. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सात शिक्षण-रुग्णालयांतल्या ५०३ अस्थिरोगतज्ज्ञांना ते स्वतः वापरत असलेल्या इम्प्लांटची किंमत विचारली गेली. अनुभवी सर्जनांपैकी २१ टक्के आणि शिकाऊ डॉक्टरांपैकी १७ टक्के खऱ्या किमतीच्या जवळ पोहोचले. जो स्क्रू किंवा जो सांधा माणूस रोज हातात धरतो, त्याची किंमत त्याला माहीत नाही. यात त्या सर्जनांचा आळस शोधण्यात अर्थ नाही. कंपनी आणि रुग्णालय यांच्यातले खरेदीचे दर गोपनीय ठेवण्याचे करार तिथे सर्रास होतात.

आपल्याकडे ही गोपनीयता वेगळ्या वाटेने आली आहे. बिलाचे तुकडे झाले आहेत आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या माणसाच्या हाती आहे. डॉक्टरांची फी डॉक्टर ठरवतात. खाटेचे भाडे व्यवस्थापन ठरवते. तपासणीचे दर लॅब ठरवते. औषधे आणि हातमोजे, सुया, नळ्या, सलाईनचे सेट हे सगळे रुग्णालयातल्या मेडिकलमधून येते आणि त्यावर छापील किंमत असते. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा औषधे, साहित्य आणि तपासण्या मिळून बिलाचा सुमारे ४६ टक्के भाग होता, आणि काही वस्तूंवरचा नफा १,७०० टक्क्यांच्या वर गेला होता. हा नफा घेताना कोणताही कायदा मोडावा लागला नव्हता, हे त्या अहवालातले सर्वांत गंभीर निरीक्षण. कारण छापील किंमतच आधी फुगवून घेतलेली होती. घाऊक खरेदी करणाऱ्या रुग्णालयाला कंपनी ती वस्तू फार कमी दरात देते आणि पाकिटावर मोठा आकडा छापते. नर्सने वापरलेली नळी डॉक्टरांच्या दृष्टीने नळीच असते. तिचा खरेदीदर आणि पेशंटच्या बिलातला दर यांतली दरी त्यांना दिसत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटचे उदाहरण तर सर्वांना आठवत असेल. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली गेली. त्याआधी तेच औषधी स्टेंट लाखाच्या पुढे बिलात लागत होते, आणि रुग्णालयांच्या टप्प्यावरचा नफा ६५४ टक्क्यांपर्यंत गेल्याचे प्राधिकरणाने नोंदवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यावर मर्यादा आली आणि सर्वाधिक वापरात असलेल्या प्रकाराची किंमत ५४,७२० रुपयांवर आली. किंमत आटोक्यात यायला न्यायालयातली याचिका आणि सरकारी आदेश लागले, ही खेदाची गोष्ट आहे. ही वस्तू रोज वापरणाऱ्यांकडून हा प्रश्न आधी यायला हवा होता.

साध्या गोळ्यांच्या बाबतीत गुंता आणखी आत गेलेला आहे. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक औषध तसे पाहिले तर जेनेरिकच असते, म्हणजे पेटंट संपलेले. फक्त त्याला कंपनीचे नाव लावलेले असते. त्यातही दोन वाटा आहेत. एका वाटेने कंपनीचा एमआर, म्हणजे औषधविक्री प्रतिनिधी, डॉक्टरांकडे जातो, डॉक्टर नाव लिहितात आणि पेशंट ते विकत घेतो. दुसऱ्या वाटेने कंपनी डॉक्टरांना वगळून थेट दुकानदाराला माल देते. या दुसऱ्या प्रकारच्या मालावर छापील किंमत मोठी आणि दुकानदाराची खरेदी फार कमी असते. त्यामुळे स्वस्त औषध पेशंटपर्यंत स्वस्तात पोहोचेलच असे नाही. मधली रक्कम काउंटरवरच थांबू शकते. आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार कमाल मर्यादा आहे. पण ती बाजारातल्या प्रमुख ब्रँडच्या सरासरीवरून काढली जाते, उत्पादनखर्चावरून नाही. यादीबाहेरच्या औषधांची किंमत दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. हे सगळे लक्षात घेतले तर, एका औषधाची किंमत किती, हा डॉक्टरांना विचारलेला प्रश्न सोपा नाही हे मान्य करावे लागते. तरीही जिथून पेशंट औषध आणणार त्या गावात ते कितीला पडते, हे शोधण्यासारखे आहे. त्यासाठी डॉक्टरांनी महिन्यातून एकदा समोरच्या दुकानातून वीस औषधांचे दर विचारून घेतले तरी पुरे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो कडवट आहे. डॉक्टरांना किंमत माहीत नसते असे म्हणणे भोळेपणाचे आहे. त्यांना चांगली माहीत असते, कारण त्यातला वाटा त्यांना मिळतो. कट प्रॅक्टिस ही अफवा नाही, हे खुद्द डॉक्टरांनीच सांगितलेले आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एका पेशंटला तपासणीसाठी पाठवल्याबद्दल एका केंद्राने १,२०० रुपयांचा धनादेश पाठवला. तो त्यांनी घेतला नाही आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. लासलगावला दोन दशके स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. अरुण गद्रे आणि पुण्याच्या साथी संस्थेचे डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातल्या अनेक डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन ही व्यवस्था आतून उघड केली. महाराष्ट्राने २०१७ साली कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार केला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च करातून वजा करता येणार नाही असा निकाल दिला. तेव्हा हितसंबंध आहेत, यात शंका नाही. पण हा आक्षेप जिथे लागू पडतो तिथेही तो मूळ मुद्दा खोडत नाही, उलट पक्का करतो. ज्याला आपल्या वाट्याची रक्कम माहीत आहे, त्यालाही पेशंटच्या बिलाची बेरीज माहीत असेलच असे नाही. आणि जे प्रामाणिक आहेत, तेच या व्यवस्थेत सर्वांत अडचणीत आहेत: वाटा घेत नाहीत म्हणून साखळीतून बाहेर, आणि बाहेर असल्यामुळे दरांबद्दल अंधारात. अप्रामाणिक डॉक्टरांना वठणीवर आणायला कायदा लागेल. प्रामाणिक डॉक्टरांना माहिती लागेल. दोन्ही कामे वेगळी आहेत, आणि पहिले होईपर्यंत दुसरे थांबवण्याचे कारण नाही.

आता किंमत हा वैद्यकाचाच भाग कसा, ते पाहू. समजा रक्तदाबाच्या दोन गोळ्या सारख्याच गुणाच्या आहेत. एकीला दिवसाला २ रुपये पडतात, दुसरीला ९. वर्षाचा हिशेब ७३० आणि ३,२८५. हा फरक शहरातल्या पगारदाराला जाणवणार नाही. सोनई परिसरातल्या शेतमजूर बाईला तो औषध चालू राहणे आणि बंद पडणे यांच्यातला फरक आहे. ती महाग गोळी दोन महिने घेते, मग एक दिवसाआड घेते, मग बरे वाटते म्हणून थांबवते. पुढे तिला पक्षाघाताचा झटका आला तर केसपेपरवर लिहिले जाते की पेशंटने औषध नियमित घेतले नाही. वैद्यकाच्या भाषेत हा पेशंटचा दोष ठरतो. प्रत्यक्षात तो निवडीच्या वेळी न विचारलेल्या किमतीचा परिणाम असतो. जे औषध विकत घेतले जात नाही त्याचा गुण शून्य आहे, मग प्रयोगशाळेत त्याने कितीही चांगला निकाल दिलेला असो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली काढलेल्या औषधलेखनाच्या मार्गदर्शिकेत औषध निवडण्याचे चार निकष दिलेले आहेत: परिणामकारकता, सुरक्षितता, त्या पेशंटला साजेसे असणे आणि खर्च. चौथा निकष पहिल्या तिन्हींच्या रांगेत आहे, तळटीपेत नाही. भारतात २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही, खर्च आणि औषध नियमित घेणे यांचा संबंध पेशंटला समजावता यावा, असे एक कौशल्य औषधशास्त्रात घातलेले आहे. मात्र समजावण्याआधी तो खर्च विद्यार्थ्याला स्वतःला ठाऊक असायला हवा, आणि त्याची परीक्षा कुठेही होत नाही.

खर्चाबरोबर वेळही येते. नेवासे तालुक्यात पैसा बारा महिने सारखा वाहत नाही. उसाचे गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला संपते. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत रास्त दराची रक्कम मिळावी असा नियम असला तरी पेमेंट अनेकदा हप्त्यांनी येते. कांदा घोडेगावच्या बाजारात भाव असेल तेव्हा पैसा देतो, नसेल तेव्हा वाहतुकीचा खर्चही काढत नाही. दुधाचे पैसे दर दहा-पंधरा दिवसांनी येतात, पण ते घरखर्चात जिरतात. जून-जुलैत पेरणीने घर रिकामे झालेले असते. पुढे ढकलता येण्याजोगे हर्नियाचे किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन जुलैत करायचे की जानेवारीत, या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्रात नाही, पण ते चुकले तर कुटुंब तीन टक्के महिना व्याजाच्या कर्जात जाते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भारतात खासगी रुग्णालयातल्या एका भरतीचा सरासरी औषधोपचाराचा खर्च २७,३४७ रुपये आणि सरकारी रुग्णालयातला ४,२९० रुपये निघाला, बाळंतपणे वगळून. यात गाडीभाडे नाही, सोबतच्या माणसाचा डबा नाही, बुडालेली मजुरी नाही. नगरला आठ दिवस पेशंटपाशी बसणारी सून आठ दिवस गोठ्यात नसते, आणि तिचे काम करायला कोणाला तरी पैसे द्यावे लागतात. डॉक्टरांच्या कोणत्याच तक्त्यात हा भाग येत नाही.

दुसरा आक्षेप उदात्त आहे आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे. डॉक्टरांनी पैशाचा विचारच करू नये, पेशंटसाठी सर्वोत्तम तेच करावे, असे म्हणतात. महाराष्ट्राच्या आरोग्यक्षेत्राचा इतिहास या म्हणण्याच्या विरुद्ध साक्ष देतो. बावस्करांनीच बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे मृत्यू पाहिले. कोकणातल्या लाल विंचवाच्या विषाने हृदय कसे निकामी होते याचा अभ्यास केला आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर उपाय म्हणून वापरली. १९८६ साली ते काम ‘लॅन्सेट’मध्ये आले. यंत्रे नसलेल्या ठिकाणी चालेल असा उपाय शोधणे हीच तिथे सर्वोत्तम वैद्यकाची अट होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बाईला नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्येच त्यांनी दाखवले की नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि त्याच लेखात प्रत्येक बाळामागचा खर्चही दिला: ५.३ अमेरिकी डॉलर. खर्चाचा आकडा त्यांनी शोधनिबंधात घातला कारण तो परिणामाचाच एक भाग होता. आणि सोनईच्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये आले तेव्हा त्यांनीही याच प्रश्नापासून सुरुवात केली: दुष्काळी गावाला परवडेल असे काय करता येईल. गावोगावच्या आरोग्यसेविका त्या उत्तरातून घडल्या, आणि १९७९ साली त्या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या तिन्ही कामांत किंमत आधी पाहिली म्हणून विज्ञान कमी पडले नाही. किंमत आधी पाहिली म्हणूनच नवे विज्ञान सापडले.

हे एकेकट्या ध्येयवादी डॉक्टरांपुरतेच शक्य आहे असेही नाही, संस्थाही ते करू शकतात. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. एस. पी. कलंत्री यांच्या पुढाकाराने कमी किमतीच्या जेनेरिक औषधांची दुकाने रुग्णालयाच्या आवारात उभी राहिली आणि डॉक्टरांचे लेखन त्या यादीला बांधले गेले. त्या रुग्णालयाच्या पाठीशी एक जुनी परंपराही होती: आसपासच्या गावांनी वर्षाला ठरावीक ज्वारी देऊन आपल्या उपचाराची तरतूद करून ठेवायची. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ पासून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने चाळीस औषधांची खरेदी अनेक रुग्णालयांच्या वतीने एकत्र केली, तेव्हा मिळालेली सूट मध्यम मूल्याने ८२ टक्के होती. डॉक्टरांनी किंमत विचारायला सुरुवात केली आणि ती एकत्र येऊन विचारली, की विकणाऱ्याचा आकडा किती खाली येतो याचे हे ठळक उदाहरण आहे.

तिसरा आक्षेप पुराव्यावर उभा आहे, म्हणून मला तो सर्वांत वजनदार वाटतो. किमती दाखवल्या तरी डॉक्टरांचे वागणे बदलत नाही, असे तो म्हणतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात संगणकावर तपासणी लिहिताना तिची किंमत समोर दिसेल अशी सोय केली गेली; २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार किंमत दाखवलेल्या तपासण्या ८.६ टक्क्यांनी घटल्या, न दाखवलेल्या ५.६ टक्क्यांनी वाढल्या. पण फिलाडेल्फियातल्या तीन रुग्णालयांत मोठ्या प्रमाणावर झालेल्या तशाच प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली आले तेव्हा एकूण तपासण्यांत काहीच लक्षणीय फरक पडलेला नव्हता. दोन्ही निकाल खरे मानायला हवेत. माझे म्हणणे असे, की ज्या ठिकाणी पैसे विमा कंपनी भरते तिथे पडद्यावरचा आकडा डॉक्टरांच्या मनात कोणाचा चेहरा उभा करत नाही. त्या प्रयोगांत आकडा होता, पण तो समोरच्या माणसाच्या आयुष्याशी जोडलेला नव्हता. आपल्याकडची स्थिती वेगळी आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेला. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते, म्हणजे सुधारणा मोठी आहे; पण उरलेला भाग अजून कोणाचे तरी गहाण पडलेले सोने आहे. इथे डॉक्टरांनी वाचलेली किंमत पाच मिनिटांत समोरच्या खुर्चीवरच्या माणसाच्या तोंडून परत येते. म्हणून परदेशातला निष्फळ प्रयोग आपल्याला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. उलट त्यातून एवढे शिकावे की नुसता दर दाखवणे पुरेसे नाही. दरावर बोलणे व्हायला हवे.

बोलणे म्हटले की चौथी भीती समोर येते, आणि ती खरी आहे. किंमत लक्षात ठेवणारा डॉक्टर पेशंटचे कपडे पाहून त्याची ऐपत ठरवेल, धोतर पाहून स्वस्त गोळी आणि गाडी पाहून महाग तपासणी लिहील. असे घडते. उसाचा मोठा बागायतदार साध्या वेषात येतो आणि कर्जबाजारी माणूस इस्त्रीच्या शर्टात. अंदाज दोन्हीकडे चुकतो. पण हा धोका किंमत माहीत असण्यातून येत नाही, ती न सांगण्यातून येतो. डॉक्टरांनी मनातल्या मनात निवड केली तर तो अन्याय आहे. पर्याय, त्यांचा गुण आणि त्यांचा खर्च तिन्ही समोर ठेवून पेशंटला आणि घरच्यांना विचारले तर तो त्यांचा हक्क आहे. गरीब कुटुंबही कधीकधी महाग पर्याय निवडते आणि त्यामागे विचार असतो. फक्त ती निवड डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात पडल्यावर नको, आधी व्हायला हवी.

स्वस्त औषधांच्या दर्जाविषयीची शंका मात्र टाळता येण्यासारखी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जेनेरिक नावाने औषधे लिहिणे सक्तीचे करणारे नियम काढले आणि डॉक्टरांच्या संघटनांच्या विरोधानंतर त्याच महिन्यात स्थगित केले. विरोधातला एक मुद्दा रास्त होता: नाव नसलेली गोळी कोणत्या कंपनीची द्यायची हे मग दुकानदार ठरवणार, आणि दर्जाची हमी कोण देणार? औषध नियंत्रण यंत्रणा बळकट करणे हेच त्याचे उत्तर आहे. पण दर्जा तपासला जात नाही तोवर महाग म्हणजे चांगले असे मानणे हाही पुराव्याशिवायचाच विश्वास आहे. जनऔषधी केंद्रांतली औषधे ब्रँडच्या तुलनेत ५० ते ८० टक्के स्वस्त असल्याचे सरकार सांगते. ती कोणत्या आजारात निर्धास्तपणे द्यायची आणि कुठे ठरावीक कंपनीवरच भरवसा ठेवायचा, हे ठरवणे डॉक्टरांच्याच हाती आहे, आणि ते करायलाही आधी दोन्हींच्या किमती समोर हव्यात.

नियमांची कमतरता आपल्याकडे नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरांनी फी आधी सांगावी आणि फलकावर लावावी असे स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत सुधारणा करून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. करोनाकाळात तर शासनाने दिवसाचे दरच ठरवून दिले: मे २०२० मध्ये साध्या खाटेला ४,०००, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरशिवाय ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पुढच्या वर्षी शहरांचे तीन वर्ग केले गेले, आणि सोनईसारख्या भागाला लागू असलेल्या शेवटच्या वर्गात साध्या खाटेचा दर २,४०० होता. त्या दिवसांत प्रथमच गावोगावच्या लोकांना दवाखान्यात जाण्याआधी आकडा तोंडपाठ होता, आणि जास्तीच्या बिलांचे लेखापरीक्षण होऊन अनेकांना पैसे परत मिळाले. फलक आणि आदेश काम करतात, हे त्यातून दिसले. पण फलकावर सुट्या गोष्टींचे दर असतात. अपेंडिक्सचे ऑपरेशन, चार दिवस, दोन सोनोग्राफी, पाच दिवसांची अँटिबायोटिक यांची मिळून बेरीज कोणताही फलक सांगत नाही. ती फक्त त्या आजाराचा मार्ग ओळखणारा माणूस सांगू शकतो, आणि तो माणूस डॉक्टरच असतो.

सोनईच्या संदर्भात या ज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग पेशंट पुढे पाठवताना आहे. नगरला पाठवतो, या दोन शब्दांनी एका कुटुंबाचे वर्ष ठरते. राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झाली, आणि २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा वर्षाला पाच लाखांपर्यंत आणि सर्व कुटुंबांपर्यंत वाढवली गेली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून शस्त्रक्रियेपर्यंत उपचार मोफत झाले. तरी योजनेत नसलेल्या रुग्णालयात पेशंट नेला गेला, किंवा आधी रोख भरती होऊन मग योजनेसाठी मदत करणाऱ्या आरोग्यमित्राची आठवण झाली, म्हणून हजारोंनी पैसे गेल्याच्या तक्रारी सर्वत्र ऐकू येतात. हा फरक गावातल्या डॉक्टरांना माहीत असेल तर तो चिठ्ठीवर एका ओळीत लिहिता येतो. आज पुढे पाठवायच्या चिठ्ठीवर पेशंटचे नाव, वय, लक्षणे, दिलेली औषधे आणि शंका असते. तिच्यावर आणखी चार गोष्टी असाव्यात: हा उपचार योजनेत बसतो का, जिल्ह्यातल्या कोणत्या रुग्णालयात तो योजनेखाली होतो, बसत नसेल तर साधारण किती ते किती खर्च येईल, आणि हे ऑपरेशन तातडीचे आहे की दोन महिने थांबले तरी चालेल. शेवटची ओळ केवळ वैद्यकीय वाटते, पण उसाचे पेमेंट यायला सहा आठवडे असताना तीच सर्वांत महागाची ठरते. उलट दिशेने नगरच्या डॉक्टरांनीही परत पाठवताना पुढच्या औषधांचा महिन्याचा खर्च लिहावा, आणि जास्त वाटला तर गावातल्या डॉक्टरांनी कोणते औषध बदलले तरी चालेल तेही लिहावे. तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेने वर्षातून दोनदा शंभर नेहमीच्या औषधांचे आणि पंचवीस नेहमीच्या ऑपरेशनांचे स्थानिक दर गोळा करून सदस्यांना एक पत्रक दिले, तर हे लिहायला कोणाला अर्धा मिनिटही जास्त लागणार नाही.